संडास झाले, पण मैल्याचे काय?
(सभासद शिक्षण पाठमाला)



ऊस, पाणी, माती आणि खते यांविषयी या पाठमालेत आपण वेळोवेळी बोलत असतो. या खेपेचा विषय जरा वेगळा आहे. चारचौघांत त्याचे नाव काढायला माणूस लाजतो. पण ज्या पाण्यावर आपला ऊस पोसतो, तेच पाणी आपली मुले पितात आणि त्याच ओढ्यात आपली जनावरे उतरतात. म्हणून हा विषय लाजून बाजूला ठेवण्याजोगा नाही. विषय आहे आपल्या बाजारपेठेच्या गावांतील, लहान नगरपरिषदांच्या शहरांतील मानवी मैल्याची व्यवस्था.

२०१४ ते २०१९ या काळात स्वच्छ भारत अभियानात देशभर घरोघर संडास बांधले गेले. त्याआधी २०००-०१ पासून आपल्या राज्यात संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालू झाले होते. त्या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पहाटे अंधारात डबा घेऊन बाहेर जाण्याची बायाबापड्यांची वेळ पुष्कळ ठिकाणी टळली. पण संडास बांधला म्हणजे काम संपले असे नाही. खरे तर तिथून काम सुरू होते. भांड्यात पाणी ओतले की मैला डोळ्यांआड होतो. तो जातो कुठे, हे पाहणे हाच आजचा पाठ.

१. मागे वळून पाहताना

जुन्या शहरांत टोपलीचे संडास होते. माणसाने माणसाचा मैला डोक्यावरून वाहायचा, अशी ती रीत. हे काम कोणाच्या वाट्याला आले ते जातीने ठरत असे, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. तेव्हाच्या मुंबई राज्याने सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी १९४९ साली बर्वे समिती नेमली. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी हे काम स्वतःच्या हातांनी केले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम करू द्यावे म्हणून त्यांनी उपवास मांडला आणि गांधीजींनी त्यांना साथ दिली. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्यापासून खत करणाऱ्या संडासाचे प्रयोग केले. देहूला डॉ. सुहास मापुसकर १९५९ पासून आरोग्य केंद्रात होते. संडासाला जोडलेल्या गॅस संयंत्रावर त्यांनी आयुष्यभर काम केले. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. बिहारमध्ये बिंदेश्वर पाठक यांनी १९७० साली सुलभ संस्था काढून दोन खड्ड्यांच्या संडासाचा देशभर प्रसार केला.

म्हणजे हा विषय नवा नाही आणि त्यावरची उत्तरेही आजची नाहीत. उत्तरे आहेत, ती नीट वापरली जात नाहीत, हे दुखणे आहे.

२. 'सेफ्टी' टाकी किती सेफ?

आपल्याकडे सेप्टिक टाकीला सर्रास 'सेफ्टी टँक' म्हणतात. नावामुळे वाटते, एकदा टाकी बांधली की सगळे सुरक्षित. तसे नाही. टाकीत नेमके काय होते ते पाहू.

मैला आणि पाणी टाकीत आले की जड भाग तळाशी बसतो. त्याला गाळ म्हणू. हलका भाग वर साय धरतो. मधले पाणी दुसऱ्या कप्प्यातून बाहेर पडते. हवेविना जगणारे जंतू गाळ हळूहळू कुजवतात, त्यामुळे तो कमी होतो, पण संपत नाही. माणशी वर्षाला साधारण ४० ते ७५ लिटर गाळ साठत जातो. पाच माणसांच्या घरात तीन वर्षांत सहाशे ते अकराशे लिटर झाला. तो वेळेवर उपसला नाही तर टाकीत पाणी थांबायला जागा उरत नाही आणि कच्चा मैलाच पुढे वाहू लागतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. टाकीतून बाहेर पडणारे पाणी दिसायला निवळलेले असले तरी रोगजंतूंनी भरलेले असते. ते शोषखड्ड्यात मुरले पाहिजे. प्रत्यक्षात काय दिसते? जागा नाही, खर्च नको, म्हणून टाकीचा पाइप थेट रस्त्याच्या गटारीत सोडलेला. गटार ओढ्याला, ओढा नदीला. खालच्या गावची पाणीपुरवठ्याची विहीर त्याच नदीकाठी. मग पावसाळ्याच्या तोंडाला कावीळ, जुलाब, विषमज्वर यांची साथ आली की आपण म्हणतो, 'यंदा पाणी बाधलं.' पाणी आपोआप बाधत नाही.

तिसरी गोष्ट टाकीच्या बांधणीची. खालून फरशी नसलेला, नुसता एक मोठा खोल खड्डा घेतात आणि त्यालाच टाकी म्हणतात. 'आमची टाकी वीस वर्षांत भरलीच नाही,' असे कोणी अभिमानाने सांगत असेल तर समजावे, ती टाकी नाही, जमिनीत झिरपणारा खड्डा आहे. शेजारच्या बोअरचे पाणी तपासायला हवे.

३. दोन खड्ड्यांचा संडास

गावाची मोकळी वस्ती असेल, भूजल फार वर नसेल, तर सेप्टिक टाकीपेक्षा दोन खड्ड्यांचा संडास स्वस्त आणि बरा. त्याचे काम असे:

पाच-सहा माणसांच्या कुटुंबाला साधारण एक मीटर व्यासाचे आणि मीटर-सव्वा मीटर खोलीचे दोन खड्डे पुरतात. आतली बांधणी जाळीची, म्हणजे विटांत फटी ठेवून. तळ मातीचाच ठेवायचा, काँक्रीट टाकायचे नाही. भांड्याला जास्त उतार असतो, त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात काम होते. मधल्या चेंबरमधून एका वेळी एकाच खड्ड्याला वाट खुली ठेवायची, दुसरी बंद. पहिला खड्डा तीनेक वर्षांत भरला की वाट बदलायची. भरलेला खड्डा दोन वर्षे झाकून ठेवायचा. पाणी मुरून जाते, मैला कुजून मातीसारखा होतो, वास राहत नाही. मग तो खत म्हणून काढता येतो. खड्ड्यातला वायू आजूबाजूची माती शोषून घेते, म्हणून वर धुरांड्यासारखा पाइप लावण्याची गरज नाही.

साधी गोष्ट आहे, पण गवंडीदादा तिथेच घोटाळा करतात. दोन्ही खड्डे एकापाठोपाठ एक जोडून टाकतात. म्हणजे दोन्ही एकदम भरतात आणि विश्रांती कोणालाच नाही. खत होण्याचे सगळे गणित त्या विश्रांतीत आहे. ती गेली की नुसते दोन घाणीचे खड्डे उरले.

विहिरीपासून किंवा हातपंपापासून खड्डा निदान १० मीटर लांब असावा. आपल्याकडे वर मुरूम आणि खाली भेगांचा काळा खडक. भेगांतून पाणी लांब पळते. तशा जागी अंतर आणखी वाढवावे. पावसाळ्यात पाणी जमिनीच्या अगदी वर येत असेल, चिबड जमीन असेल, तर हा संडास तिथे करू नये. न्हाणीचे पाणी, ॲसिड, फिनेल खड्ड्यात सोडू नये. कुजवणारे जंतूच मेले तर मैला कुजवणार कोण?

४. टाकी उपसणाऱ्या माणसाचा जीव

आता सगळ्यांत गंभीर मुद्दा. टाकीत माणूस उतरवायचा नाही. कोणत्याही कारणाने नाही. दहा मिनिटांसाठीही नाही.

बंद टाकीत गाळ कुजताना हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे वायू तयार होतात आणि प्राणवायू कमी होतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास असतो. पण वायूचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची ताकदच मरते. माणसाला वाटते वास गेला, धोका टळला, आणि तिथेच तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. अशा घटनांत एकाच टाकीत दोन-दोन, तीन-तीन जीव जातात ते यामुळे. तोंडाला फडके बांधल्याने, आत पेटती काडी धरल्याने किंवा आधी झाकण उघडे ठेवल्याने सुरक्षितता येत नाही. उलट मिथेनला आग लागू शकते.

कायदा काय म्हणतो तेही सांगून ठेवतो. १९९३ साली कोरडे संडास बांधण्यावर आणि हाताने मैला उचलण्याच्या कामावर बंदी घालणारा कायदा झाला. २०१३ सालच्या कायद्याने ती अधिक कडक केली. गटारात किंवा सेप्टिक टाकीत संरक्षक साधनांविना माणूस उतरवणे हा गुन्हा ठरला. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा काम सांगणाऱ्यावर लागतो, ही गोष्ट घरमालकांनी ध्यानात घ्यावी. 'ठेकेदाराने माणूस आणला, आम्हाला काय माहीत,' ही पळवाट नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली होती. २०२३ च्या ऑक्टोबरात ती ३० लाख केली.

पैशाने माणूस परत येत नाही. ज्या घरचा कर्ता दुसऱ्याचा मैला काढताना जातो, त्या घराला आपण काय तोंड दाखवणार?

५. उपसलेला मैला जातो कुठे?

टाकी यंत्राने उपसली, टँकर भरला, घरमालकाने पैसे दिले. त्याच्या दृष्टीने काम झाले. टँकरवाल्याला मात्र तो कुठेतरी रिकामा करायचा असतो. प्रक्रिया केंद्र नसेल, किंवा असून लांब असेल, तर तो रात्रीचा ओढ्यात, पडक्या खाणीत, कालव्याच्या कडेला नाहीतर एखाद्याच्या रानात ओततो. एका टँकरमध्ये चार-पाच हजार लिटर कच्चा मैला. पुष्कळ लोक एकदम ओढ्याला बसावेत, तशातली ही गोष्ट आहे.

यात आपला, ऊसवाल्यांचा, थेट संबंध येतो. 'खत फुकट मिळतंय, ओत बाबा रानात,' असे म्हणणारे शेतकरी आहेत. आम्ही आग्रहाने सांगतो, कच्चा मैला रानात घेऊ नका. जंताची अंडी मातीत महिनोन्महिने, कधी त्याहून जास्त टिकतात. आकडीजंत अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो. त्या रानात लागण कोण करते, खुरपणी कोण करते, तोडणी कोण करते? आपल्याच गावच्या मजूर बाया आणि बाहेरून आलेली ऊसतोड कुटुंबे. त्यांची पोरे तिथेच सरीत खेळतात.

६. सोनखताचा खरा हिशेब

याचा अर्थ मैल्याला किंमत नाही असा नव्हे. जुन्या माणसांनी त्याला सोनखत म्हटले ते उगाच नाही. पुण्याच्या बाजूला उसाला सोनखत घालण्याची रीत होती. बेंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. एन. आचार्य यांनी १९३९ साली शहराचा कचरा आणि मैला थराथराने कुजवण्याची पद्धत बसवली. ती बेंगळूर पद्धत म्हणून ओळखली जाते.

हिशेब करून पाहू. एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला साधारण ४ किलो नत्र बाहेर पडते. पाच माणसांच्या घराचे २० किलो. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे २० किलो नत्र म्हणजे सुमारे ४३ किलो युरिया, जवळजवळ ४५ किलोची एक गोणी. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. ती साठ-पासष्ट माणसांच्या वर्षभराच्या मलमूत्रात असते.

पण हा हिशेब कागदावरचा आहे. यातले बहुतेक नत्र लघवीत असते. ते पाण्याबरोबर जाते आणि पुष्कळसे हवेत उडते. कुजलेल्या मैल्याच्या खतात त्याचा थोडाच भाग उरतो. म्हणून कोणी 'सोनखत घाला, युरिया बंद करा' म्हणाले तर मान डोलावू नये. खताचा खरा फायदा जमिनीतला सेंद्रिय अंश वाढवण्यात आहे.

मैल्याचा वाळवलेला गाळ एकटा नीट कुजत नाही. त्यात नत्र जास्त, कर्ब कमी. उलट पाचटात कर्ब भरपूर, नत्र कमी. दोन्ही मिळून ढीग चांगला तापतो. आतली उष्णता ५५ अंशांवर आठवडाभर टिकली आणि ढीग उलटून बाहेरचा भाग आत घेऊन पुन्हा तापू दिला, तर जंताची अंडी मरतात. प्रेसमडचे कंपोस्ट करणाऱ्या आपल्या लोकांना ढीग उलटण्याचे हे काम नवे नाही. मात्र मैल्याच्या बाबतीत ते प्रक्रिया केंद्रावर, तपासणीखाली व्हावे. घरच्या उकिरड्यावर नाही.

७. झालेली कामे

हे सगळे होऊ शकते का? झाले आहे.

कृष्णाकाठचे वाई हे २०११ च्या गणनेत सुमारे ३६ हजार वस्तीचे गाव. नाशिक जिल्ह्यातले सिन्नर सुमारे ६५ हजारांचे. या दोन्ही नगरपरिषदांनी २०१८ पासून ठराविक मुदतीने टाक्या उपसण्याची पद्धत सुरू केली. 'टाकी तुंबली की फोन करा' ही रीत मोडली आणि प्रत्येक घराची टाकी साधारण तीन वर्षांतून एकदा, पाळीपाळीने उपसायची असे ठरले. खर्च स्वच्छता करातून भागवायचा, उपसलेला मैला गावच्या प्रक्रिया केंद्रात न्यायचा. टाकी भरो न भरो, पाळी आली की गाडी दारात. आपल्याकडे पाटाचे पाणी पाळीने मिळते, तशीच ही पाळी समजावी.

कर्नाटकात बेंगळूरजवळ देवनहळ्ळी या लहान शहरात २०१५ साली मैला प्रक्रिया केंद्र सुरू झाले. त्याची क्षमता दिवसाला ६ हजार लिटर. मोठी यंत्रे नाहीत. मैला आधी टाक्यांत कुजवतात, मग गाळ वाळूच्या वाफ्यांवर वाळवतात, आणि शहराच्या ओल्या कचऱ्याबरोबर त्याचे खत करून शेतकऱ्यांना देतात. भूमिगत गटारीसाठी लागणारे कोट्यवधी रुपये ज्या गावांजवळ नाहीत, त्यांना हा मार्ग परवडणारा आहे.

आपल्या गावाचा तोंडी हिशेब मांडू. समजा ६ हजार घरे, त्यांपैकी साडेचार हजार टाक्या. तीन वर्षांत सगळ्या उपसायच्या, म्हणजे वर्षाला दीड हजार. कामाचे ३०० दिवस धरले तर दिवसाला पाच टाक्या. चार-पाच हजार लिटरचा एक टँकर रोज पाच फेऱ्या करील, अडीअडचणीला दुसरा जोडीला. दिवसाचा मैला वीस ते पंचवीस हजार लिटर. एका फेरीला दोन हजार रुपये खर्च धरला तरी घरटी वर्षाला पावणेसातशे रुपयांच्या आत, म्हणजे दिवसाला दोन रुपयांहून कमी. घराच्या आकाराप्रमाणे कर लावला तर गरिबाच्या वाट्याला त्याहूनही कमी येईल. आज मात्र उलटे आहे. ज्याच्याजवळ एकरकमी पैसे नाहीत, तो टाकी उपसतच नाही, नाहीतर स्वस्तात माणूस उतरवतो.

८. आपण काय करावे?

पहिले, आपल्या घरची टाकी पाहा. शेवटची कधी उपसली? पाणी गटारीत जाते की शोषखड्ड्यात? झाकणापर्यंत गाडी पोचते का? झाकणावर फरशी बसवून टाकली असेल तर ती मोकळी करा.

दुसरे, टाकी उपसायला आलेल्याला दोनच प्रश्न विचारा: माणूस उतरणार का, आणि मैला कुठे टाकणार? उत्तर समाधानाचे नसेल तर गाडी परत पाठवा.

तिसरे, आपल्यातले कितीतरी सभासद ग्रामपंचायतीत, नगरपरिषदेत निवडून गेलेले आहेत. त्यांनी सभेत विषय मांडावा. प्रत्येक गावाला वेगळे केंद्र लागेलच असे नाही. जवळच्या चार-सहा गावांनी मिळून एक केंद्र काढता येते. एकेकट्याला जमले नाही ते आपण एकत्र येऊन उभे केले, त्यालाच तर सहकार म्हणतात.

चौथे, गळीत हंगामाचा प्रश्न. ऊसतोड कुटुंबे कोप्या घालून पाच-सहा महिने आपल्या दारात राहतात. त्यांच्या बायांना पहाटे आडोसा शोधावा लागतो. पोटुशी बाई असो, वयात आलेली मुलगी असो, सगळ्यांची तीच गत. आडोसा मिळेना म्हणून बाया पाणीच कमी पितात आणि दुखणी ओढवून घेतात. तळावर फिरते संडास, पाण्याची टाकी, उजेडाची सोय आणि ठराविक दिवशी उपसणारी गाडी, एवढे तोडणी सुरू होण्याआधी व्हावे. वार्षिक सभेत रिकव्हरी आणि दराबरोबर हाही प्रश्न सभासदांनी विचारावा, असे आम्हाला वाटते. साखर ज्यांच्या हातांनी येते त्यांच्यासाठी हे मागणे जास्तीचे नाही.

अभ्यासाचे प्रश्न

१. सेप्टिक टाकीतून निघणारे पाणी निवळ दिसले तरी गटारीत का सोडू नये?
२. दोन खड्ड्यांच्या संडासात एक खड्डा बंद का ठेवतात?
३. टाकीतला वास एकाएकी नाहीसा झाला तर त्याचा अर्थ काय असू शकतो?
४. आपल्या गावात टाक्या किती आहेत? तीन वर्षांच्या पाळीने उपसायला रोज किती फेऱ्या लागतील, ते मांडून पाहा.
५. आपल्या गावचा मैला आज नेमका कुठे जातो? टँकरच्या मागे जाऊन पाहा आणि पुढच्या गट बैठकीत सांगा.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर या पाठात नाही. ते सभासदांनीच आणायचे आहे.